मंडणगडात समाजकार्यकर्ता काय करतो?

रत्नागिरी जिल्ह्याच्या नकाशात मंडणगड अगदी वरच्या टोकाला आहे. उत्तरेला सावित्रीची खाडी आणि पलीकडे रायगड, पश्चिमेला बाणकोट-वेळासचा समुद्र, दक्षिणेला दापोली. कोकण रेल्वेचा एकही रूळ या तालुक्यातून जात नाही. रत्नागिरीला एखाद्या सहीसाठी जायचे म्हणजे दीडशे किलोमीटरहून जास्त प्रवास, आणि परतीची एसटी चुकली तर मुक्काम. त्या मानाने मुंबईच जवळची वाटते. इथल्या कितीतरी घरांतली माणसे परळ-लालबागच्या गिरण्यांत खपली. त्यांची मुले-नातवंडे आता नालासोपारा, विरार, दिवा, पनवेल अशी पांगली आहेत. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया नोंदल्या गेल्या. राज्यात हे प्रमाण सर्वांत जास्त होते. त्याचे मोठे कारण असे, की कमावते पुरुष गावात नसतात. ते गणपतीला आणि शिमग्याला येतात.

म्हणजे इथले घर एक, पण राहते दोन ठिकाणी. म्हातारी माणसे, कधी सून-नातवंडे गावात; पगार मुंबईत. रेशनकार्डावर नावे इकडे, आधारवर पत्ता तिकडे. सातबारा आजोबांच्या नावे, आजोबांना जाऊन वीस वर्षे झालेली. अशा घरावर संकट आले की शेजारीपाजारी धावतात, गावकी वर्गणी काढते, मुंबईचे ग्रामस्थ मंडळ पैसे पाठवते. ही मदत खरी असते आणि ती लागतेही. पण महिन्याभरात ती संपते. अडलेले कागद, थकलेले मन आणि न मिळालेला हक्क तिथेच राहतात. समाजकार्यकर्त्याचे काम इथून पुढे सुरू होते.

परंपरा जुनी, पेशा नवा

दुसऱ्यासाठी झटणाऱ्या माणसांची कोकणाला वाण नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे खेड तालुक्यातल्या शेरवलीचे, वाढले दापोलीजवळच्या मुरूडला. पुण्यात १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढण्याच्याही आधी त्यांनी गावाबाहेर कमावणाऱ्या मुरूडकरांकडून नियमित वर्गणी घेऊन ‘मुरूड फंड’ उभारला होता. चाकरमान्यांच्या पैशातून गावाची कामे करण्याची रीत एवढी जुनी आहे. सावित्रीपलीकडच्या जुन्या कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत ‘सोशल सर्व्हिस लीग’ स्थापन केली. गिरणगावातल्या कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने असे तिचे काम चाले. त्या कामगारांत कोकणी माणूस मोठ्या संख्येने होता.

आणि मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि वसतिगृहे, वाचनालये अशी कामे हाती घेतली. पण केवळ संस्था काढून कुळांच्या मानेवरचे खोतांच्या जमीनदारीचे जोखड उतरणार नव्हते. म्हणून १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ ला शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. कुणबी आणि महार कुळे त्या लढ्यात एकत्र आली. खोती कायद्याने संपली ती १९४९ मध्ये. एखाद्या कुळाला धान्य देणे ही एक मदत झाली. ज्या व्यवस्थेमुळे ते उपाशी राहते ती व्यवस्था बदलणे ही दुसरी. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात या दुसऱ्या प्रकाराला ‘सामाजिक कृती’ म्हणतात आणि त्याचे धडे इतर पद्धतींच्या बरोबरीने दिले जातात.

हे काम शिकवता येते, त्याची पद्धत असते, ही कल्पना मात्र विसाव्या शतकातली. अमेरिकेत मेरी रिचमंड यांनी १९१७ मध्ये ‘सोशल डायग्नोसिस’ हे पुस्तक लिहून कुटुंबाची चौकशी कशी करावी, पुरावा कसा तपासावा, निष्कर्ष कसा काढावा याची शिस्त घातली. मुंबईत क्लिफर्ड मॅन्शर्ट या अमेरिकन धर्मोपदेशकाने १९२६ मध्ये नागपाड्याच्या दाट वस्तीत ‘नेबरहूड हाऊस’ सुरू केले. वस्तीत राहायचे, लोकांबरोबर काम करायचे, ही त्याची रीत. त्याच अनुभवातून १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय उभे राहिले आणि मॅन्शर्ट त्याचे पहिले संचालक झाले. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. पुढे १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातल्या पहिल्या वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली. ज्या कामाला आधी फक्त सद्भावना लागे, त्याला आता पदवी, पद आणि पगार लागू झाला.

एका घराची गोष्ट

कामाची पद्धत एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातली प्रत्येक अडचण तालुक्यात रोज कोणाला ना कोणाला भेटते.

एका वाडीत सत्तरीची आजी आणि तिचा नऊ वर्षांचा नातू राहतात. मुलगा मुंबईत आजाराने गेला. सून तिथेच घरकामे करते, जमेल तसे पैसे पाठवते. पोरगा शाळेत येईनासा झाला, हे गुरुजींच्या लक्षात आले. आशाताईने पाहिले की आजीला नीट दिसत नाही आणि चूल पोरगाच पेटवतो. तिने ही गोष्ट समाजकार्यकर्तीच्या कानावर घातली. गावात पहिली खबर बहुतेक वेळा आशाताई, अंगणवाडीताई, शिक्षक यांच्याकडूनच मिळते. त्यांच्याशी ओळख ठेवणे हा या कामाचा पाया आहे.

नवखा कार्यकर्ता पहिल्याच भेटीत फॉर्म बाहेर काढतो. मुरलेली कार्यकर्ती ओट्यावर बसते. आजीला काय सांगायचे आहे ते तिच्या क्रमाने सांगू देते. मुलगा कसा गेला, शेवटचा फोन कधी आला, भावकीतले कोण विचारपूस करते आणि कोण करत नाही, हे सगळे. मध्येच ‘आधारकार्ड आहे का?’ असे विचारले की आजी गप्प होते, कारण तिला वाटते, सरकारी माणूस आला. ऐकण्याच्या या तासाभरात कार्यकर्तीला काही गोष्टी कळतात. पोराला शाळा आवडते. घरातले काम संपत नाही म्हणून तो जात नाही. आणि आजीला पैशापेक्षा डोळ्यांची काळजी जास्त आहे. म्हणून काम डोळ्यांपासून सुरू होते. मोतिबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी कार्यक्रमातून मोफत होते. शिबिराची तारीख, नेण्या-आणण्याची सोय आणि त्या दिवसांत पोराला कोण सांभाळणार, हे ठरवावे लागते.

मग कागद. मुलाचा मृत्यूदाखला मुंबई महापालिकेच्या ज्या वॉर्डात नोंद झाली तिथून आणायचा, म्हणजे सुनेला रजा काढून जावे लागणार. आजीला श्रावणबाळ निवृत्तीवेतन मिळू शकते. दरमहा १५०० रुपये. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा तहसीलचा दाखला हवा किंवा नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत हवे. पैसे बँक खात्यात जमा होतात, त्यामुळे खात्याला आधार जोडलेले हवे. आणि भात लावून, लाकडे फोडून झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. वडील नसलेल्या मुलासाठी बालसंगोपन योजना आहे, दरमहा २२५० रुपयांची. त्यासाठी गृहभेटीचा अहवाल आणि बालकल्याण समितीचा आदेश लागतो, आणि समिती बसते जिल्ह्याच्या ठिकाणी. सून विधवा असल्याने तिला स्वतःला संजय गांधी निराधार योजना लागू होते का, तेही पाहायचे. सातबाऱ्यावर वारसनोंद राहिली आहे. ती तलाठ्याकडे अर्ज करून सुरू करायची, नाहीतर उद्या नातवाच्या हक्काचा प्रश्न येईल.

मोजा: ग्रामपंचायत, तलाठी, तहसील, बँक, रुग्णालय, शाळा, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि मुंबईचा एक वॉर्ड. आठ दारे. आजीला यांतले एकही दार माहीत नाही आणि कोणत्याही दारामागच्या माणसाला आजी माहीत नाही. योजना असतात, पैसा मंजूर असतो, पात्र माणूसही असतो. त्यांची गाठ घालून देण्याचे काम कोणाच्याच टेबलावर नसते. समाजकार्यकर्ता ते आपले काम मानतो.

या साऱ्याचा तो लेखी अहवाल ठेवतो. त्यात पाहिलेले आणि वाटलेले वेगळे लिहायचे असते. ‘आई बेफिकीर आहे’ हे मत झाले. ‘आईने गेल्या सहा महिन्यांत चार वेळा पैसे पाठवले, ती दर रविवारी फोन करते, असे आजी सांगते’ ही नोंद झाली. पहिल्या वाक्यावरून समिती मुलाला बालगृहात पाठवण्याचा विचार करू शकते. दुसऱ्यावरून त्याच घराला आधार देण्याचा. एका वाक्याने पोराचा पत्ता बदलू शकतो, म्हणून अहवाललेखन हे या पेशातले सर्वांत जोखमीचे कौशल्य आहे.

सहा महिन्यांनी कार्यकर्ती पुन्हा जाते. पेन्शन सुरू झाली का, पोरगा शाळेत जातो का, आजीने पुढच्या वर्षीचा हयातीचा दाखला स्वतःहून द्यायचे ठरवले आहे का. हे शेवटचे उत्तर ‘हो’ असेल तर काम झाले. दर वेळी कार्यकर्तीनेच कागद भरले, तर आजी परावलंबीच राहिली. फक्त आधार बदलला.

कायद्याने सोपवलेली कामे

वरचे काम संस्थेचा कार्यकर्ता करू शकतो. काही कामे मात्र कायद्यानेच ठरावीक माणसांकडे दिली आहेत.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा २००५ चा. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात संरक्षण अधिकारी हे पद आहे. मारहाण, शिवीगाळ, पैसे अडवणे, घराबाहेर काढणे अशी तक्रार आली की तो घटनेचा अहवाल तयार करतो, दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायला मदत करतो, वैद्यकीय तपासणी आणि निवाऱ्याची सोय पाहतो. पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत व्हावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. मंडणगडसाठी यातले एक कलम फार मोलाचे आहे. सासर विरारला असले, तरी माहेरी परतलेली बाई जिथे सध्या राहते तिथल्या न्यायालयात अर्ज करू शकते. १२ ऑक्टोबर २०२५ रोजी मंडणगडच्या न्यायालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झाले. ही वास्तू तालुक्यातल्या बाईच्या उपयोगी पडायची, तर तिला तिथवर सोबत करणारे कोणी हवे. महिला, मुले, अपंग, अनुसूचित जाती-जमाती यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हेही तिला कोणीतरी सांगायला हवे.

बाल न्याय कायदा २०१५ समाजकार्यकर्त्याला थेट न्यायाच्या आसनावर बसवतो. कायद्याशी संघर्ष आलेल्या मुलांसाठीच्या बाल न्याय मंडळात एका दंडाधिकाऱ्याबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली एक स्त्री. काळजी आणि संरक्षण हवे असलेल्या मुलाला बालकल्याण समितीसमोर २४ तासांच्या आत हजर करावे लागते. परिविक्षा अधिकारी मुलाच्या घरची चौकशी करून सामाजिक तपासणी अहवाल देतो.

म्हाताऱ्या आई-वडिलांसाठी २००७ चा निर्वाह व कल्याण कायदा आहे. मुले पाहत नसतील तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, आणि दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता ठरू शकतो. पण कोकणातली आई मुलाविरुद्ध अर्ज द्यायला सहसा धजत नाही. ‘त्याचंच भागत नाही, मला काय देणार?’ हे तिचे उत्तर असते. इथे कार्यकर्ता कायद्याची धमकी देत नाही. मुलाला फोन करतो, गणपतीत तो गावी आला की भेटतो, सगळ्या भावंडांना एकत्र बसवतो आणि कोण किती, कोणत्या तारखेला देणार, हे लिहून घेतो. बरेचसे तंटे तिथेच मिटतात. कायदा पाठीशी आहे हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते, तेवढे पुरते.

आणि गावकी. ती अडल्या-नडल्याला धावते, पालखी नाचवते, पाखाडी दुरुस्त करते. हीच गावकी कधी एखाद्या घराला वाळीतही टाकते: पाणी बंद, किराणा बंद, मयताला माणूस नाही. महाराष्ट्राने यावर देशातला पहिला स्वतंत्र कायदा केला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा हा २०१६ चा कायदा ३ जुलै २०१७ पासून अमलात आला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कार्यकर्त्यासाठी हे सर्वांत अवघड प्रकरण असते, कारण ज्या लोकांच्या मदतीने तो एरवी काम करतो, तेच समोर उभे असतात. तक्रार नोंदवणे सोपे. त्यानंतरही त्या घराला त्याच गावात राहायचे असते. म्हणून पोलीस ठाण्याइतकीच बोलणीही चालू ठेवावी लागतात.

गाव एकत्र येते तेव्हा

व्यक्ती आणि कुटुंबाच्या पलीकडे समुदायाचे काम असते. त्याचा मंडणगड तालुक्यातला सर्वांत प्रसिद्ध नमुना समाजकार्याच्या नावाने ओळखला जात नाही. तो वेळासच्या किनाऱ्यावर आहे. २००२ मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेच्या लोकांना तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी चोरीला जात असल्याचे आढळले. संस्थेचे भाऊ काटदरे आणि सहकारी यांनी अंडी काढणाऱ्यांना शत्रू ठरवले नाही. किनारा ज्यांना पायाखालचा माहीत आहे, त्यांनाच घरटी राखायला सोबत घेतले. पहिल्याच हंगामात ५० घरटी राखली गेली आणि २७३४ पिल्ले समुद्रात गेली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पर्यटक गावातल्या घरांत उतरू लागले, घरच्या बायकांच्या हाती स्वयंपाकाचा रास्त मोबदला येऊ लागला.

समुदाय संघटनाची सगळी सूत्रे इथे सापडतात. प्रश्न ज्यांचा, उपाय त्यांच्याच हातात द्यायचा. ज्याचे नुकसान होणार त्याला पर्यायी मिळकत हवी. आणि बाहेरच्या संस्थेने हळूहळू मागे सरायचे. बचत गट बांधताना, पाणीपुरवठ्याची समिती उभी करताना, कातकरी वाडीतल्या लोकांना जातीचे दाखले मिळवून देताना हीच सूत्रे लागतात.

आपत्तीत यांची परीक्षा होते. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने मंडणगड-दापोलीच्या किनाऱ्यावरच्या नारळ-पोफळीच्या बागा झोपवल्या, घरांची छपरे नेली. टाळेबंदीचा काळ, चाकरमानी मुंबईत अडकलेले. ताडपत्री आणि धान्य पोचवणे हे पहिल्या आठवड्याचे काम होते. खरा गुंता पंचनाम्यांचा. कोकणातली बाग गुंठ्यांत मोजायची. क्षेत्रफळावर हिशेब केला तर हातात येणारी रक्कम नगण्य. त्यात सातबारा सामाईक, त्यावर भावकीतली डझनभर नावे, अर्धी मुंबईत, काही हयात नाहीत. मदत कोणाच्या खात्यात जायची? इथे संमतीपत्रे गोळा करणारा, भावकीतला जुना वाद आजच्या मदतीच्या आड येऊ न देणारा आणि जिचे नाव कोणत्याच कागदावर नाही अशी विधवा यादीतून गळली का हे पाहणारा माणूस लागतो.

गुपित आणि मर्यादा

शहरात कार्यकर्त्याच्या दारात कोण आले, हे शेजाऱ्याला कळत नाही. मंडणगडच्या एसटी स्टँडवर कोण कोणाशी बोलले, हे संध्याकाळी वाडीत पोचते. म्हणून गुप्तता पाळण्याचे तत्त्व इथे फार काटेकोर होते. एचआयव्हीच्या समुपदेशकाने बाजारात भेटलेल्या रुग्णाला आपणहून ओळख दाखवायची नाही. बाईला भेटायला घरी न जाता आरोग्य केंद्रात किंवा बचत गटाच्या बैठकीनंतर भेटायचे. वही उघडी टाकायची नाही.

दुसरे तत्त्व अधिक कठीण आहे: निर्णय त्या माणसाचा. मार खाल्लेली बाई सगळी माहिती ऐकून, कायदा समजून, नवऱ्याकडे परत जायचे ठरवते. कार्यकर्त्याला ते पटत नाही. तो तिला रागावत नाही, सोडूनही देत नाही. महिलांच्या मदतीसाठीचा १८१ हा क्रमांक पाठ करवून घेतो आणि पुढच्या वेळी कुठे यायचे ते ठरवून ठेवतो. तिला परत येण्याची लाज वाटू नये, एवढी जागा त्याने ठेवायची असते.

या तत्त्वांनाही अपवाद आहेत. १८ वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हा गुन्हा. तिथे ‘घरातली गोष्ट घरात’ चालत नाही, आणि गुप्ततेची सबबही नाही.

शिकायचे कुठे, कसे

बारावीनंतर, शाखा कोणतीही असो, समाजकार्यातली पदवी, म्हणजे बीएसडब्ल्यू करता येते. किंवा कोणत्याही विषयात पदवी घेऊन दोन वर्षांची एमएसडब्ल्यू. नोकरीच्या जाहिरातींत बहुतेक ठिकाणी एमएसडब्ल्यूच मागतात. मुंबईत टाटा संस्था (देवनार) आणि १९५५ पासूनचे निर्मला निकेतन, पुण्यात १९६३ पासूनची कर्वे समाज सेवा संस्था, नागपुरात मातृ सेवा संघाची समाजकार्य संस्था या जुन्या, नावाजलेल्या जागा. टाटा संस्थेचे तुळजापूर केंद्र ग्रामीण प्रश्नांवर भर देते. घर सोडणे शक्य नसेल तर इग्नूचे बीएसडब्ल्यू आणि एमएसडब्ल्यू दूरशिक्षणाने होते. मात्र क्षेत्रकार्य तिथेही चुकत नाही.

क्षेत्रकार्य हा या शिक्षणाचा कणा. आठवड्यातले साधारण दोन दिवस विद्यार्थी वर्गाबाहेर असतो: वस्ती, रुग्णालय, पोलीस ठाण्यातला महिला कक्ष, शाळा, तुरुंग. परत येऊन काय पाहिले, काय केले, का केले, हे सविस्तर लिहायचे आणि मार्गदर्शक शिक्षकासमोर बसून त्यावर उलटतपासणीला तोंड द्यायचे. पुष्कळांचा ‘मला लोकांची कणव आहे’ हा समज या दालनात गळून पडतो. आपण कोणत्या जातीच्या वस्तीत अवघडलो, कोणत्या बाईच्या रडण्याने गोंधळलो, कोणाला न विचारताच उपदेश केला, हे वहीत दिसते. वर्गात मानसशास्त्र, समाजशास्त्र, कायदे, संशोधनपद्धती आणि कामाच्या सहा पद्धती शिकवतात: व्यक्ती सहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन, समाजकल्याण प्रशासन, संशोधन आणि सामाजिक कृती.

मनोरुग्णांबरोबर काम करायचे असेल, तर एमएसडब्ल्यूनंतर दोन वर्षांचे खास प्रशिक्षण लागते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मनोविकार समाजकार्यकर्त्याची व्याख्याच तशी आहे. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत आहे. बरा झालेला रुग्ण घरचे नेत नाहीत म्हणून वॉर्डात अडकून राहतो, तेव्हा त्याचे गाव शोधणे, घरच्यांची भीती काढणे आणि औषधे चालू राहतील अशी व्यवस्था लावणे हे या कार्यकर्त्याचे काम असते.

डॉक्टरांची किंवा वकिलांची असते तशी नोंदणी परिषद सरसकट सर्व समाजकार्यकर्त्यांसाठी भारतात नाही. आरोग्यक्षेत्रातल्या समाजकार्यकर्त्यांना मात्र २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात स्थान मिळाले आहे.

नोकरी कुठे

सरकारात समाजकल्याण निरीक्षक, वसतिगृहाचे गृहपाल, परिविक्षा अधिकारी, संरक्षण अधिकारी, वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक. बाल संरक्षण कक्ष, पीडित महिलांसाठीचे ‘सखी’ केंद्र, बचत गटांचे ‘उमेद’ अभियान, एचआयव्ही आणि मानसिक आरोग्याचे कार्यक्रम यांत बऱ्याच जागा कंत्राटी असतात. पोलीस ठाण्यांतले महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष टाटा संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर सुरू केले आणि ते नंतर राज्यभर पसरले. तिथे प्रशिक्षित कार्यकर्तेच बसतात. मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांकही १९९६ मध्ये याच संस्थेच्या एका प्रकल्पातून मुंबईत जन्मला. खासगी क्षेत्रात मोठ्या कारखान्याला कामगार कल्याण अधिकारी नेमावा लागतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे भाग पडले, तेव्हापासून तिथेही मागणी वाढली.

पैशाबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. कंत्राटी जागांचा पगार बेताचा असतो, कधी रखडतो, आणि प्रकल्प संपला की नोकरी संपते. दुःख रोज ऐकून माणूस थकतो, चिडचिडा होतो. अनुभवी मार्गदर्शकाकडे नियमित बोलण्याची सोय नसेल तर काही वर्षांत कोरडाही होतो. ‘समाजसेवा करतोस, मग पगार कशाला?’ असे विचारणारे घरातही भेटतात. त्यांना सांगावे, की नर्स आणि शिक्षकालाही पगार असतो आणि त्यामुळे त्यांचे काम कमी पवित्र होत नाही.

मंडणगडच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुला-मुलीला आजच सुरुवात करता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घालावे, पण रस्ता झाडून थांबू नये. शिबिरातल्या वाडीत एका योजनेची पाहणी करावी: पात्र किती, लाभ कितींना, बाकीचे कुठे अडले. तहसीलच्या आवारात एक सकाळ बसून लोक कोणत्या खिडकीवरून परत फिरतात ते पाहावे. एखादा शासन निर्णय पूर्ण वाचावा. आशाताईबरोबर एक दिवस वाडीवाडी फिरावे. एवढे करून कंटाळा न येता उत्सुकता वाढली, तर हा पेशा आपला आहे असे समजावे.

तालुक्यातून बाहेर पडून शिकणारी मुले बहुधा मुंबईतच राहतात, आणि त्यात गैर काही नाही. मंडणगडच्या अर्ध्या घराचा प्रश्न मुंबईतच सुटतो: मृत्यूदाखला तिथे, सून तिथे, निर्वाहाचे पैसे तिथे. नालासोपाऱ्यात बसलेला प्रशिक्षित कार्यकर्ता आणि गावातला प्रशिक्षित कार्यकर्ता एकमेकांना फोनवर ओळखत असतील, तर आजीचे आठ दारांचे काम वर्षाऐवजी महिन्यात होईल. ग्रामस्थ मंडळांनी आजवर सभागृहे बांधली, देवळांचे जीर्णोद्धार केले, गुणवंतांना शिष्यवृत्त्या दिल्या. त्यांनी यापुढे गावातल्या एका मुलीच्या एमएसडब्ल्यूचा खर्च उचलला आणि ती परतल्यावर तिचा पगार तीन वर्षे भागवला, तर तालुक्याला स्वतःची समाजकार्यकर्ती मिळेल. मुरूड फंडाला वर्गणी देणाऱ्या चाकरमान्यांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी जे केले, त्यापेक्षा हे फार अवघड नाही.